जिभेची आग : आधी तपास, मग औषध

सुरुवातीलाच सांगतो, मी डॉक्टर नाही. दिवसभर संगणकापुढे बसून दुसऱ्यांच्या प्रोग्राममधल्या चुका शोधणे हा माझा व्यवसाय. तरीही आरोग्य विभागासाठी लिहिण्याचे धाडस करतो आहे, कारण गेल्या वर्षी आमच्या घरात एक चूक झाली. ती आपल्यापैकी कोणाच्याही घरात, विशेषतः ज्यांचे आईवडील सहा महिन्यांसाठी इकडे येतात त्यांच्या घरात, सहज होण्यासारखी आहे. लेखातली वैद्यकीय माहिती मी वाचून आणि जाणकारांना विचारून जमवली आहे. ती डॉक्टरांशी बोलण्याची तयारी म्हणून वापरावी, डॉक्टरांच्या ऐवजी नव्हे.

आमच्याकडे काय झाले

आई एप्रिलच्या अखेरीस आली. वय सहासष्ट, शुद्ध शाकाहारी, अकरा वर्षांपासून मधुमेहासाठी मेटफॉर्मिन आणि 'ॲसिडिटी होते' म्हणून पँटोप्रॅझोल चालू. आल्यानंतर महिन्याभरात ती म्हणू लागली, "अरे, जीभ पोळल्यासारखी वाटतेय." प्रवास, जागरण, उष्णता, पित्त ही आपली नेहमीची कारणे आम्ही काढली. "तोंड आलं असेल" म्हणून गुलकंद झाला, सब्जा झाला, लोणी झाले. साताऱ्याला असती तर तिने जाईचा पाला चघळला असता. इथे तो कुठून आणणार?

जूनमध्ये तिने ताटातली लसणीची चटणी बाजूला सारली. जुलैमध्ये वरण-भातावर लिंबू पिळणे सोडले. पुढे दोन्ही वेळा नुसता दहीभात. आम्ही समजलो, वयोमानाने तिखट सोसत नसेल. एकदा एका अर्जंट केअरमध्ये नेले. तिथे 'फंगस असेल' म्हणून गुळण्या करण्याचे औषध मिळाले. जिभेकडे टॉर्च लावून कोणी नीट पाहिले नाही आणि चालू गोळ्यांची यादी आम्हीही दाखवली नाही. गुण आला नाही, तेव्हा ऑगस्टमध्ये मी स्वतःच दुकानातून बी-कॉम्प्लेक्सची मोठी बाटली आणली. व्हिटॅमिनच ते, त्याने काय बिघडणार, हा माझा विचार. काय बिघडते ते पुढे सांगतो.

मंडळाच्या गणेशोत्सवात आरती-प्रसाद झाल्यावर सगळे गाडीकडे निघालो. पार्किंगमधली खडी ओलांडून आई गाडीशी आली, तेव्हा माझ्या बायकोचे लक्ष तिच्या पायांकडे गेले. एका पायात चप्पल होती, दुसरा अनवाणी. चप्पल वाटेत केव्हा निसटली ते आईला कळलेच नव्हते, आणि खडीही टोचली नव्हती. आम्ही हसलो. शेजारी उभ्या असलेल्या मंडळातल्या एक डॉक्टरीणबाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी विचारले, "मावशी, पायाला मुंग्या येतात का? मघाशी जेवताना जिभेचं काय म्हणत होतात? आणि गोळ्या कोणत्या चालू आहेत?"

हे तीन प्रश्न कोणीतरी एकत्र विचारायला हवे होते. आम्ही चार महिने एकेक लक्षण वेगळे धरून बसलो होतो.

जिभेची आग हा रोग नव्हे

पहिली समजून घेण्याची गोष्ट ही, की जिभेची आग ही एक तक्रार आहे. ताप जसा अनेक कारणांनी येतो तशीच ही आगही अनेक कारणांनी होते. म्हणून 'जीभ चुरचुरते, काय घेऊ?' या प्रश्नाला एक उत्तर नाही. चटणीने किंवा गरम चहाने पोळलेली जीभ आठवड्याच्या आत बरी होते. आग दोन-तीन आठवड्यांपेक्षा जास्त टिकली तर कारण शोधायला हवे. शोधण्याचा क्रम साधारण असा ठेवावा : डोळ्यांना काय दिसते, तोंडात काय जाते, गोळ्या कोणत्या आहेत आणि रक्त काय सांगते.

१. आधी जीभ पाहा

चांगल्या उजेडात जीभ बाहेर काढून टोक, पाठ आणि दोन्ही कडा पाहाव्यात. कवळी असेल तर काढून टाळूही पाहावी.

पांढरा दह्यासारखा थर आहे आणि पुसल्यावर निघून खाली लाल दिसते आहे, असे असेल तर बुरशीचा संसर्ग असू शकतो. मधुमेह, अँटिबायोटिक्सचा कोर्स, दम्याचा स्टेरॉइडचा पंप आणि रात्रंदिवस न काढलेली कवळी या सगळ्यांमुळे तो होतो. कवळीखाली काही वेळा पांढरे न दिसता नुसती लाल टाळू दिसते. यावर औषध आहे आणि ते चांगले लागू पडते. पंप वापरणाऱ्यांनी दर वेळी नंतर चूळ भरावी आणि कवळी रात्री काढून ठेवावी, म्हणजे पुन्हा होण्याचे प्रमाण कमी होते.

नकाशासारखे लाल चट्टे, त्यांना पांढरट किनार आणि काही दिवसांनी त्यांची जागा बदललेली, ही 'जिओग्राफिक टंग' होय. दिसायला भयंकर, पण निरुपद्रवी. तिखट-आंबट खाल्ले की झोंबते, एवढाच तिचा त्रास.

जीभ लालबुंद आणि गुळगुळीत, नेहमीचा खरखरीतपणा गेलेला, तोंडाचे कोपरे चिरलेले असे चित्र असेल तर जीवनसत्त्व किंवा लोह कमी असल्याची शंका घ्यावी. आईची जीभ अशी होती. मी ती पहिल्यांदा नीट पाहिली सप्टेंबरमध्ये.

गालाच्या आत किंवा जिभेच्या कडेला पांढऱ्या जाळीसारख्या रेषा, न पुसला जाणारा पांढरा किंवा लाल डाग, गाठ, दोन आठवड्यांत न भरणारी जखम यांपैकी काहीही दिसले तर घरी प्रयोग करीत बसू नये. डेंटिस्टकडे किंवा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जावे.

२. तोंडात काय जाते?

इकडे आल्यावर पाहुण्यांची टूथपेस्ट बदलते हे आपल्या लक्षात येत नाही. दात पांढरे करणाऱ्या पेस्ट, 'टार्टर कंट्रोल' पेस्ट, दालचिनीच्या स्वादाचे च्युइंगगम, अल्कोहोल असलेले माउथवॉश यांनी काहींच्या तोंडाची आग होते. दालचिनीच्या स्वादाची ॲलर्जी तर प्रसिद्धच आहे. पुष्कळ पेस्टमध्ये फेस येण्यासाठी सोडियम लॉरिल सल्फेट घातलेले असते. तेही काहींना सोसत नाही. तपासण्याचा उपाय सोपा आहे. दोन-तीन आठवडे बिनस्वादाची, हे रसायन नसलेली साधी पेस्ट वापरावी, माउथवॉश बंद ठेवावा आणि फरक पडतो का पाहावे. मात्र एका वेळी एकच गोष्ट बदलावी. चार गोष्टी एकदम बदलल्या तर गुण कशाने आला ते कळत नाही.

आता सुपारी. हा मुद्दा मी मुद्दाम थोडा सविस्तर घेतो. इंडियन ग्रोसरीच्या काउंटरवर गोड सुपारीची पाकिटे असतात आणि आपल्या समारंभांत ती लहान मुलांच्या हातीही जातात. तिखट खाल्ल्यावर तोंडाची आग होणे हे सुपारीमुळे होणाऱ्या 'सबम्युकस फायब्रोसिस' या रोगाचे सुरुवातीचे लक्षण असू शकते. गालांच्या आतली त्वचा हळूहळू ताठ आणि पांढुरकी होते व तोंड उघडणे कमी होत जाते. या रोगाचे पहिले आधुनिक वर्णन १९५२ साली श्वार्ट्झ यांनी केले. त्यांच्या पाच रुग्ण केनियात राहणाऱ्या भारतीय वंशाच्या स्त्रिया होत्या. म्हणजे परदेशी राहणाऱ्या आपल्या माणसांचे आणि या रोगाचे नाते जुने आहे. आलेला ताठपणा सहसा पूर्ण जात नाही आणि पुढे कर्करोगाचा धोका असतो. सुपारी तंबाखूशिवाय खाल्ली तरी ती कर्ककारक आहे, असा निष्कर्ष जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००३ साली काढला. स्वतःची तीन बोटे उभी धरून दातांमध्ये जात नसतील तर डॉक्टरांना दाखवावे. आपल्याकडच्या काही आज्या अजून मिश्री लावतात आणि विचारल्याशिवाय सांगत नाहीत. मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच. तेव्हा न रागावता विचारावे.

३. गोळ्यांची यादी

भारतातून येणाऱ्या आईवडिलांच्या बॅगेत सहा महिन्यांच्या गोळ्या असतात, पण कोणती कशासाठी हे घरात कोणाला नीट माहीत नसते. त्या सगळ्या एका कागदावर लिहाव्यात. जिभेच्या दृष्टीने पुढील गोळ्यांकडे विशेष लक्ष द्यावे.

(अ) रक्तदाबाच्या, नावाच्या शेवटी 'प्रिल' असलेल्या गोळ्या : एनालाप्रिल, लिसिनोप्रिल, रॅमिप्रिल. यांच्यामुळे काहींना तोंड पोळल्यासारखे वाटते. याच गोळ्यांमुळे क्वचित जीभ-ओठ अचानक सुजतात. तसे झाले तर थांबू नये, ९११ ला फोन करावा.

(आ) तोंड कोरडे पाडणारी औषधे : सर्दी-ॲलर्जीच्या, झोपेच्या आणि नैराश्यावरच्या काही गोळ्या. लाळ कमी झाली की जिभेचे संरक्षण जाते. तोंडाबरोबर डोळेही कोरडे पडत असतील तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे. त्याचा शोग्रेन नावाचा वेगळा विकार असतो.

(इ) मेटफॉर्मिन आणि वर्षानुवर्षे घेतलेल्या आम्लता कमी करणाऱ्या गोळ्या : दोन्हींमुळे अन्नातले बी-१२ शरीरात कमी शोषले जाते. दीर्घकाळ मेटफॉर्मिन घेणाऱ्यांचे बी-१२ अधूनमधून तपासावे, असे अमेरिकन डायबिटीस असोसिएशनचे मार्गदर्शन आहे. आईचे अकरा वर्षांत एकदाही तपासलेले नव्हते.

कोणतीही गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये. यादी घेऊन डॉक्टरांकडे जावे आणि 'यांपैकी कशामुळे होत असेल का?' असे विचारावे.

४. रक्त काय सांगते

डॉक्टरांशी बोलताना साधारण या तपासण्यांबद्दल विचारावे : पूर्ण रक्तगणना म्हणजे सीबीसी, बी-१२, फोलेट, लोहसाठा दाखवणारे फेरिटिन, साखरेसाठी एचबीए१सी, थायरॉइडसाठी टीएसएच आणि गरज वाटल्यास झिंक. सगळ्या एका वेळच्या रक्तात होतात.

यांत आपल्या लोकांसाठी सर्वात महत्त्वाचे बी-१२. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली एक पाहणी प्रसिद्ध केली. पुणे परिसरातील ४४१ मध्यमवयीन पुरुषांपैकी ६७ टक्क्यांच्या रक्तात बी-१२ कमी होते. शहरी मध्यमवर्गात, म्हणजे आपण बहुतेक ज्या घरांतून इकडे आलो त्या वर्गात, हे प्रमाण ८१ टक्के होते. बी-१२ फक्त प्राणिज अन्नात असते. प्रौढ माणसाला रोज २.४ मायक्रोग्रॅम लागते आणि एक कप दुधात साधारण १.२ मायक्रोग्रॅम मिळते. चहात घालून दिवसाकाठी पाऊण कप दूध घेणाऱ्याचा हिशेब कसा जमणार? यकृतात काही वर्षे पुरेल एवढा साठा असतो, म्हणून तूट लगेच दिसत नाही. मग गोळ्यांमुळे किंवा वयामुळे शोषण घटते, आणि एक दिवस जीभ तक्रार करू लागते.

जिभेवरच्या पेशी झपाट्याने बदलत असतात. नव्या पेशी घडायला बी-१२ आणि फोलेट लागते. ते कमी पडले की जिभेवरचे बारीक उंचवटे झिजून ती गुळगुळीत होते. मज्जातंतूंवरचे आवरण नीट राहण्यासाठीही बी-१२ लागते. म्हणून जीभ आणि तळपाय या दोन टोकांच्या तक्रारी एकाच कारणाच्या असू शकतात. आईच्या बाबतीत मधुमेहाचाही वाटा असेल, असे डॉक्टरांनी सांगितले. पण उपाय करण्यासारखे कारण बी-१२ चे होते.

माझी बी-कॉम्प्लेक्सची चूक

डॉक्टरीणबाईंच्या सल्ल्याने रक्त तपासले तेव्हा बी-१२ आले २६८. प्रयोगशाळेच्या कागदावर ते 'नॉर्मल'मध्ये बसत होते, आणि मी सुटकेचा निःश्वास टाकला. त्यांनी विचारले, "तपासणीआधी काही व्हिटॅमिन दिलं होतं का?" पाच आठवडे दिले होते. मी पुरावाच पुसून टाकला होता. प्रोग्राम बिघडल्यावर आधीची नोंद न वाचता ती खोडणाऱ्या नवशिक्याला मी ऑफिसात रागावतो, आणि घरी मी तेच केले.

२०० च्या खाली बी-१२ सहसा कमी धरतात. २०० ते ३०० ही संशयाची पट्टी असते. त्या पट्टीत 'मिथाइलमॅलॉनिक ॲसिड' ही आणखी एक तपासणी उपयोगी पडते. पेशींना बी-१२ पुरत नसेल तर हे आम्ल रक्तात वाढते. आईचे बरेच वाढलेले निघाले आणि निदान पक्के झाले.

दुसरा धोका फोलिक ॲसिडचा. बी-कॉम्प्लेक्समध्ये ते असतेच. याच्या मागे आपल्या मुंबईशी जोडलेला एक इतिहास आहे. १९२८ साली ल्युसी विल्स या इंग्रज डॉक्टर मुंबईला आल्या. कापड गिरण्यांत काम करणाऱ्या गरोदर स्त्रियांना होणाऱ्या तीव्र रक्तक्षयाचे कारण त्या शोधत होत्या. यीस्टपासून बनणाऱ्या मार्माइटने या बायका बऱ्या होतात असे त्यांना आढळले आणि १९३१ साली त्यांनी ते प्रसिद्ध केले. त्यातला गुणकारी घटक पुढे फोलिक ॲसिड म्हणून ओळखला गेला. १९४० च्या दशकात तेच औषध बी-१२ च्या अभावाने होणाऱ्या रक्तक्षयावर देऊन पाहिले. रक्त सुधारले, पण कित्येकांच्या मज्जातंतूंचे नुकसान थांबले नाही, उलट वाढले. खुद्द बी-१२ हाती लागले १९४८ साली. तात्पर्य, फोलिक ॲसिडने रिपोर्ट चांगला दिसू शकतो आणि आत नुकसान चालू राहू शकते. त्यामुळे केवळ हिमोग्लोबिन ठीक आहे म्हणून बी-१२ ठीक आहे असे समजू नये.

म्हणून नियम सोपा ठेवावा : रक्त आधी, बाटली नंतर. आधीच काही सुरू केले असेल तर ते न लपवता सांगावे.

आईला आधी रोज, मग आठवड्याला आणि पुढे महिन्याला एक असे इंजेक्शन ठरले. पुष्कळांना रोज १००० मायक्रोग्रॅमची गोळीही पुरते. एवढ्या मोठ्या मात्रेतला थोडा अंश नेहमीच्या वाटेशिवायही शोषला जातो. कोणाला काय द्यायचे ते डॉक्टर ठरवतील. स्पिरुलिनातले बी-१२ बहुतांशी आपल्या शरीराला वापरता येत नाही, हे शाकाहारी मंडळींनी लक्षात ठेवावे.

५. सगळे रिपोर्ट चांगले आले तर?

आता दुसरी बाजू. आमच्या ओळखीच्या एका मावशींची जीभ दोन वर्षे जळत होती. वय पंचावन्न. जीभ दिसायला निरोगी, रक्त निर्दोष, पेस्ट बदलून झाली. घरचे म्हणू लागले, "तुला काही झालेलं नाही, मनातून काढून टाक." त्या एकट्या असताना रडायच्या, हे पुढे त्यांनीच सांगितले.

या विकाराला नाव आहे : 'बर्निंग माउथ सिंड्रोम'. रोज दोन तासांपेक्षा जास्त आग, तीन महिन्यांपेक्षा अधिक काळ, आणि तपासणीत दुसरे कारण सापडत नाही, अशी त्याची व्याख्या आहे. पाळी गेल्यानंतरच्या वयातल्या स्त्रियांमध्ये तो जास्त आढळतो. आग बहुधा जिभेच्या टोकाला आणि दोन्ही कडांना असते. सकाळी कमी, संध्याकाळपर्यंत वाढत जाते. तोंडात कडवट किंवा धातूसारखी चव येते. एक खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे : पुष्कळांना जेवताना बरे वाटते. आईचे उलट होते, तिला जेवतानाच त्रास व्हायचा.

हा मनाचा खेळ नव्हे. २००५ साली इटलीतील संशोधकांनी अशा रुग्णांच्या जिभेचे सूक्ष्म तुकडे तपासले, तेव्हा त्यांत बारीक मज्जातंतू कमी झालेले आढळले. म्हणजे धोक्याची घंटा वाजवणारी तारच बिघडलेली, आग नसताना घंटा वाजते. चिंता आणि अपुरी झोप यांनी त्रास वाढतो हे खरे, पण म्हणून तो काल्पनिक ठरत नाही.

उपाय आहेत, मात्र एका गोळीने संपेल असे नाही. क्लोनाझेपामची गोळी काही मिनिटे चोखून थुंकून टाकण्याचा उपाय काहींना लागू पडतो. हे सवय लागू शकणारे औषध आहे, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यावे. मज्जातंतूंच्या दुखण्यावरची इतर औषधेही देतात. अल्फा लायपोइक ॲसिडचे निष्कर्ष मिश्र आहेत, काहींना फायदा आणि काहींना नाही. मिरचीतल्या तिखट द्रव्याच्या सौम्य गुळण्यांचाही वापर झाला आहे, पण म्हणून कोणी घरी ठेच्याचा प्रयोग करू नये. वेदनेशी जमवून घ्यायला शिकवणाऱ्या समुपदेशनाचाही उपयोग होतो. आणि हा कर्करोग नाही, तो दुसऱ्याला लागत नाही, एवढे कळल्यानेही मोठा धीर येतो. मावशींची आग पूर्ण गेली नाही, पण निम्म्याने कमी झाली. घरच्यांनी विश्वास ठेवल्यावर झोप लागू लागली, असे त्या म्हणतात.

तोपर्यंत घरी काय करावे

- घोटघोट गार पाणी प्यावे, बर्फाचा छोटा खडा चघळावा.
- लाळ सुटण्यासाठी बिनसाखरेचे च्युइंगगम चालते, पण दालचिनी आणि तीव्र पुदिना टाळावा.
- तिखट, आंबट, फार गरम पदार्थ, दारू आणि तंबाखू बंद ठेवावे.
- तुरटी, हळद-मीठ, लवंगेचे तेल लावू नये. आधीच सोलवटलेल्या जिभेला ते जास्त झोंबते.
- दोन आठवडे रोजची नोंद ठेवावी : आग केव्हा वाढते, काय खाल्ले, कोणती गोळी केव्हा घेतली. डॉक्टरांच्या पंधरा मिनिटांत ही वही फार कामाला येते.

साजूक तूप, लोणी, थंड दूध यांनी तात्पुरते बरे वाटते, खुशाल घ्यावे. फक्त त्याला इलाज समजू नये.

खर्चाचे चार मुद्दे

(१) आईवडील भारतातून निघण्याआधीच वरच्या रक्ततपासण्या तिथे करून घ्याव्यात आणि रिपोर्ट सोबत आणावेत. इथल्या मानाने तो खर्च किरकोळ असतो.

(२) पाहुण्यांसाठी घेतलेल्या विम्यात आधीपासून असलेले आजार सहसा धरत नाहीत, किंवा त्यांनी अचानक उचल खाल्ली तरच धरतात. महिनोन्‌महिन्यांची जिभेची आग त्यात बसणे कठीण. पॉलिसी घेताना ही ओळ नीट वाचावी. आम्ही ती बिल आल्यावर वाचली.

(३) स्वतः पैसे भरणाऱ्या रुग्णाने मागितल्यास अंदाजे खर्च लेखी द्यावा, असा कायदा १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. प्रत्यक्ष बिल अंदाजापेक्षा ४०० डॉलर किंवा त्याहून जास्त आले तर त्याविरुद्ध दाद मागता येते. संकोच न करता अंदाज मागावा.

(४) इथे तोंड डेंटल विम्याचे आणि बाकी शरीर मेडिकल विम्याचे, अशी वाटणी आहे. जीभ नेमकी मध्ये सापडते. 'ओरल मेडिसिन' ही शाखा २०२० पासून दंतवैद्यकातली मान्यताप्राप्त विशेष शाखा आहे आणि चिवट आगीसाठी हे तज्ज्ञ योग्य. पण त्यांचे बिल कोणत्या विम्याकडे जाणार, हे अपॉइंटमेंट घेतानाच विचारावे.

शेवटी

इंजेक्शने सुरू झाल्यावर तीन आठवड्यांत आईची जीभ शांत झाली. परत जाण्याच्या आदल्या रात्री तिने स्वतः ठेचा मागून घेतला. पाय मात्र अजून पूर्ण सुधारलेले नाहीत. मुंग्या कमी झाल्या, पण उजव्या तळव्याला अजूनही बधिरपणा आहे आणि चप्पल पट्ट्याचीच घालावी लागते. तो किती जाईल हे डॉक्टर सांगत नाहीत. मे महिन्यात तिने पहिल्यांदा सांगितले तेव्हाच रक्त तपासले असते, तर कदाचित एवढे राहिले नसते. ही खंत मला आहे.

आपल्या आईवडिलांची पिढी दुखणे सांगत नाही, आणि सांगितले तर एकदाच सांगते. ताटात त्यांनी काय बाजूला सारले याकडे लक्ष असू द्यावे. या आठवड्यात भारतात फोन कराल तेव्हा हवापाण्याच्या गप्पांबरोबर दोन प्रश्न जरूर विचारा : जिभेला किंवा पायाला काही होतंय का? आणि बी-१२ शेवटचे केव्हा तपासले?